कमरेची गाठ आणि डॉ. खानोलकर

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख द्या अशी नोटीस लागली की आपल्याकडे विषय ठरलेले असतात. पाऊस, मैत्री, मेसची भाजी, आणि चरित्र लिहायचंच झालं तर सर विश्वेश्वरय्या. विश्वेश्वरय्यांबद्दल पूर्ण आदर ठेवून यंदा मी दुसरं नाव घेतो आहे. ते इंजिनिअर नव्हते, डॉक्टर होते. त्यातही ऑपरेशन करणारे नव्हेत, तर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसणारे. त्यांचं नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर. नाव ऐकलेलं नसेल तर बिघडत नाही, दोन वर्षांपूर्वी मीही ऐकलेलं नव्हतं. पण आपल्यापैकी ज्यांची आजी अजून लुगडं नेसते आणि ज्यांचे आजोबा धोतर नेसतात, त्यांनी तरी हा लेख शेवटपर्यंत वाचावा. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात (जुन्या सवयीने मी नगरच म्हणणार!) असे आजी-आजोबा अजून गावोगाव आहेत.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. गाव कुठलं, तर थेट क्वेट्टा! आज ते पाकिस्तानात आहे. घर गोमंतक मराठा समाजातलं. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजी या विषयातली एम.डी. घेऊन परत आले. त्या काळी विलायतेहून एम.डी. होऊन आलेल्या माणसाने मुंबईत दवाखाना थाटला असता, तर दारात गाड्यांची रांग लागली असती. यांनी निवडलं शिकवणं आणि प्रयोगशाळा. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज या मुंबईच्या दोन्ही नावाजलेल्या कॉलेजांत त्यांनी पॅथॉलॉजी शिकवली.

आता पॅथॉलॉजी म्हणजे नक्की काय? आम्हा मेकॅनिकलवाल्यांना हे समजायला फार सोपं आहे. मेटलर्जीच्या प्रॅक्टिकलला आपण काय करतो? धातूचा तुकडा कापतो, बॅकेलाइटमध्ये बसवतो, एमरी पेपरवर घासून घासून आरशासारखा करतो, वरून ॲसिडचा हात फिरवतो आणि मायक्रोस्कोपखाली धरतो. मग कणांच्या सीमारेषा दिसायला लागतात, आणि हा तुकडा कसा थंड झाला, कुठे कच्चा राहिला, हे सगळं तो स्वतःच सांगतो. पॅथॉलॉजिस्ट हेच शरीराच्या तुकड्याबाबत करतो. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवायचा, मेणात बसवायचा, मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर चार-पाच मायक्रॉन जाडीचा काप काढायचा (आपला केस याच्या दहापटींहून जाड असतो!), जांभळा आणि गुलाबी रंग चढवायचा आणि काचपट्टीवर ठेवून बघायचं. पेशी शिस्तीत रांगेने उभ्या आहेत की रांग मोडून खाली घुसल्या आहेत, हे तिथे कळतं. गाठ साधी की कॅन्सरची, याचा निकाल आजही मुख्यतः याच काचपट्टीवर लागतो.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं खानोलकरांच्या हाती आली. त्या काळात एक समज पक्का होता की कॅन्सर हा विलायती रोग, आपल्याकडे तो फारसा होत नाही. खानोलकरांच्या टेबलावर मात्र देशभरातून आलेल्या काचपट्ट्यांची रास पडत होती. आणि त्यांच्या लक्षात आलं की इथे कॅन्सर आहेच, फक्त त्याच्या जागा वेगळ्या आहेत. तंबाखू चघळणाऱ्यांना तोंडाचा, पारशी बायकांमध्ये स्तनाचा जास्त, तर दख्खनकडच्या हिंदू बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा जास्त. एकच शहर, एकच हवा, एकच नळाचं पाणी. मग फरक कुठून आला? फरक राहणीत होता. कोण काय खातं, काय चघळतं, काय ओढतं, काय नेसतं. मायक्रोस्कोपवरून मान वर करून त्यांनी माणसाच्या सवयींकडे पाहिलं, आणि माझ्या मते त्यांचं मोठेपण इथेच आहे.

१९४५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी बी. सूर्याबाई यांनी एका अमेरिकन शोधपत्रिकेत एक निबंध छापला. विषय होता, चालीरीतींशी जोडलेले भारतातले कॅन्सरचे तीन नवे प्रकार. त्यातला एक प्रकार कमरेच्या कातडीचा होता आणि त्याला नाव मिळालं धोती कॅन्सर. हो, आपलं धोतर! वैद्यकाच्या जाड जाड इंग्रजी पुस्तकांत आजही हे नाव याच उच्चाराने छापलेलं असतं.

धोतराने कॅन्सर होतो, हे पहिल्यांदा ऐकून हसू येतं. मलाही आलं होतं. पण यंत्रणा समजून घेतली की हसू थांबतं. धोतर किंवा नऊवारी लुगडं कमरेला एकाच जागी, एकाच रेषेत, घट्ट गाठ मारून नेसलं जातं. बेल्टसारखी भोकं नाहीत, इलॅस्टिक नाही. शेतात वाकायचं, उठायचं, ओझं उचलायचं, तरी सुटता कामा नये म्हणून गाठ आणखी आवळायची. वरून घाम, धूळ, ऊन. हे रोज, आणि चाळीस-पन्नास वर्षं. आपण फटीगच्या चॅप्टरला काय शिकतो? भार छोटा असला तरी तो लाखो वेळा पडला की शाफ्टसुद्धा मोडतो. फरक एवढाच की शाफ्टला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही आणि कातडीला येते. आणि गंमत म्हणा की दैव म्हणा, इथे घात दुरुस्तीतूनच होतो.

कातडीच्या तळाच्या थरातल्या पेशी सतत नव्या पेशी तयार करून वर ढकलत असतात. साधारण महिन्याभरात वरचा थर बदलून जातो. घर्षण झालं की हे काम वाढतं. आधी कातडी काळी पडते किंवा काही ठिकाणी पांढरी होते, मग जाड होते, घट्टा पडतो, खवले निघतात, खाज सुटते. मग एक दिवस भेग पडते आणि जखम होते. जखम भरत येते तोवर पुन्हा त्याच जागी गाठ बसते आणि खपली निघते. वर्षानुवर्षं ही भर-उखड चालली की पेशींच्या नकला काढताना चुका साठत जातात आणि एखादी पेशी बेबंद वाढायला लागते. जुन्या, न भरणाऱ्या जखमेत किंवा भाजल्याच्या व्रणात होणाऱ्या अशा कॅन्सरला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. मार्जोलिन हे फ्रेंच सर्जन होते आणि अशा जखमांचं वर्णन त्यांनी १८२८ साली केलं होतं. काश्मीरमध्ये थंडीत अंगाशी कांगडी धरून बसणाऱ्यांच्या पोटाला-मांडीला होणारा कांगडी कॅन्सरही याच कुळातला. तो १८६६ पासून डॉक्टरांच्या नोंदीत आहे. त्याहून मागे जायचं तर १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या पोरांचा काजळीमुळे होणारा कातडीचा कॅन्सर दाखवून दिला होता. खानोलकर याच परंपरेत बसतात.

हा कॅन्सर दुर्मीळ आहे, हे आधी स्पष्ट सांगतो, नाहीतर हा लेख वाचून उद्या सगळं हॉस्टेल आरशासमोर उभं राहील! कमरेवर काळा पट्टा असणाऱ्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही. पण ज्यांना होतो त्यांच्यात हा साध्या कातडीच्या कॅन्सरपेक्षा आक्रमक असतो. व्रणाच्या घट्ट पेशीजालात रक्त आणि लसिका नीट फिरत नाही, म्हणून शरीराचे पहारेकरी तिथे कमी पोचतात. आणि एकदा का तो त्या व्रणाबाहेर पडला, की जांघेतल्या लसिकाग्रंथींकडे धाव घेतो. जांघेत अवधाण आलंय असं म्हणून आपल्याकडे जे अंगावर काढलं जातं, ते कधी कधी हेच असतं.

आता मुद्द्याचं. उपचारांचं काय होतं? इथे आकडे फार बोलके आहेत. कातडीचा हा प्रकार लहान असताना सापडला तर सर्जन भोवतालच्या चांगल्या कातडीचा काठ घेऊन तो पुरता कापून काढतात, मार्जोलिनच्या व्रणात सहसा सुमारे दोन सेंटिमीटरचा. गरज पडली तर मांडीची कातडी तिथे लावतात. आणि काम संपतं. लहान, ग्रंथींपर्यंत न गेलेल्या अशा कॅन्सरमध्ये दहांपैकी नऊहून अधिक रुग्ण बरे होतात. तोच रोग ग्रंथींपर्यंत पोचल्यावर आला तर ग्रंथी काढा, रेडिएशन द्या (गावाकडे याला लाईट देणं म्हणतात), आणि एवढं करूनही पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं. २०१८ साली अमेरिकेत अशा पसरलेल्या कातडीच्या कॅन्सरसाठी सेमिप्लिमॅब नावाचं औषध मंजूर झालं. ते शरीराची प्रतिकारशक्तीच कामाला लावतं आणि जवळपास निम्म्या रुग्णांत गाठी आक्रसतात. मोठीच गोष्ट आहे, पण किंमत बघितली की आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या घरात ते कसं पोचायचं हा प्रश्न उरतोच. म्हणजे एका बाजूला अर्ध्या-पाऊण तासाचं ऑपरेशन, दुसऱ्या बाजूला लाखोंचा खर्च आणि तरीही खात्री नाही. या दोन टोकांमध्ये फरक आहे तो वेळेचा. ते काही महिने दवाखान्यात नव्हे, आपल्या घरात जातात.

हे सगळं जुन्या जमान्यातलं आहे असं वाटत असेल तर हे बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातल्या वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन वयस्कर बायकांच्या केसेस एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापल्या. दोघींच्याही कमरेला जखम. एकीची दीड वर्षं भरत नव्हती, दुसरीची दोन वर्षं. पहिली नऊवारीखाली परकराची नाडी घट्ट बांधणारी, दुसरी आतून परकर न घालता लुगडं आवळून नेसणारी. तपासणीत दोघींनाही मार्जोलिनचा व्रण निघाला आणि दुसरीचा जांघेतल्या ग्रंथीपर्यंत गेलेला होता. खानोलकरांच्या निबंधानंतर ७९ वर्षांनी तीच रेषा, तीच गाठ. फक्त धोतराच्या जागी नाडी आली.

दीड वर्षं, दोन वर्षं जखम का दाखवली नसेल, असा प्रश्न शहरातल्या माणसाला पडतो. मला पडला नाही, कारण माझी आजी अकोले तालुक्यातल्या एका खेड्यात राहते आणि आजही लुगडं नेसते. हे सगळं वाचल्यावर मी तिला सहज विचारलं, तर तिने मला वेड्यात काढलं. नातवाला कंबर दाखवायची म्हणजे काय! शेवटी आत्याला मध्ये घालावं लागलं. आत्याने पाहिलं तर कमरेला सगळीकडून काळाकुट्ट, जाड पट्टा आणि एका जागी भेग. आजीचं म्हणणं, लुगडं नेसणाऱ्या सगळ्या बायकांना असतंच की. तालुक्याच्या ठिकाणी एका लेडी डॉक्टरला दाखवलं. सुदैवाने जखम वरवरची होती, मलमाने भरली. गाठ रोज थोडी वर-खाली करायची, सैल बांधायची आणि पुन्हा भेग पडून तीन आठवड्यांत भरली नाही तर तुकडा काढून तपासायचा, असं सांगितलं. आजी शेतात जाताना गाठ अजून तिथेच मारते. पण आत्या आता महिन्यातून एकदा बघते, एवढं तरी झालं.

असो. खानोलकरांकडे परत येऊ. धोती कॅन्सरवर ते थांबले नाहीत. १९४९ साली देशातल्या पॅथॉलॉजिस्ट आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांची संघटना उभी राहिली, तिचे ते संस्थापक अध्यक्ष. १९५२ साली परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं, त्याचे ते संचालक. १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर या तिघांचा ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक निबंध आला. तंबाखू ओढणं आणि चघळणं यांचा तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरशी असलेला संबंध त्यांनी आकड्यांनी मांडला. कॉलेजच्या गेटबाहेरच्या टपरीवर पुडी फोडणाऱ्या आपल्या मित्रांना हे कोणीतरी वाचून दाखवावं! कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंमध्ये कसे शिरतात, सुरुवातीचा चट्टा मायक्रोस्कोपखाली कसा दिसतो, यावरही त्यांचं मोठं काम आहे. १९५८ ते १९६२ या काळात ते जागतिक कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्ष होते, १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पुढे राष्ट्रीय प्राध्यापक झाले. पद्मभूषणही मिळालं. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते गेले. त्यांनी उभी केलेली संस्था पुढे टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झाली आणि आता नवी मुंबईत खारघरला आहे. तिथल्या एका इमारतीचं नाव खानोलकर शोधिका आहे.

त्यांचा आपल्या जिल्ह्याशी एक धागा आहे आणि तो मला फार आवडतो. पुण्याच्या हुजूरपागेत आणि फर्ग्युसनला शिकलेली कमल समर्थ नावाची एक हुशार मुलगी लग्नानंतर कमल रणदिवे होऊन मुंबईला आली आणि खानोलकरांच्या हाताखाली संशोधन करून १९४९ साली पीएच.डी. झाली. नंतर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन आल्या आणि खानोलकरांच्या संस्थेत त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. ८ नोव्हेंबर २०२१ ला गुगलच्या पानावर त्यांचं चित्र झळकलं होतं, ते काहींना आठवत असेल. निवृत्त झाल्यावर इतक्या मोठ्या शास्त्रज्ञ बाईंनी काय करावं? त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेमार्फत आपल्या अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणावर काम केलं आणि जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या बायकांना आरोग्याचं प्रशिक्षण दिलं. गुरूंनी मायक्रोस्कोपवरून मान वर करून माणसांची राहणी पाहिली होती, शिष्या उठून त्या माणसांच्या घरी गेली.

हे वाचताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. खानोलकरांच्या हातात ऑपरेशनची सुरी नव्हती, नवं औषधही नव्हतं. त्यांच्याकडे होती काचपट्टी, आणि हा माणूस रोज काय करतो हे विचारायची सवय. पण कारण कळलं की रोगाला नाव मिळतं, नाव मिळालं की डॉक्टर कंबर बघायला लागतात, आणि कंबर लवकर बघितली की दहातले नऊ वाचतात. मशीन बंद पडल्यावर पार्ट बदलणं हे एक काम, आणि तो पार्ट तिथेच का झिजतो हे शोधणं हे दुसरं. आपल्याला चार वर्षांत दोन्ही शिकवतात, पण प्लेसमेंटच्या गडबडीत दुसरं आपण विसरून जातो.

तर दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा एवढं करा. आजीला, आजोबांना, परकराची नाडी घट्ट बांधणाऱ्या आई-मावशीला सांगा. गाठ सैल बांधा, रोज जागा बदला, परकराला नाडीऐवजी रुंद पट्टी लावून घ्या. कमरेवरची कातडी जाड झाली असेल, खाजत असेल तर तेल-हळद लावून वाट बघत बसू नका. आणि तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम, तिच्या कडा उचललेल्या, हात लावला की रक्त येणारी, किंवा जोडीला जांघेत गाठ, असं काही असेल तर सरळ मोठ्या दवाखान्यात नेऊन तुकडा तपासून घ्या. आपल्या जिल्ह्यात लोणीला वैद्यकीय महाविद्यालय आहे, नगरला जिल्हा रुग्णालय आहे, आणि कॅन्सरच्या बऱ्याच शस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात. स्वतः विचारायला लाज वाटत असेल तर बहिणीला, आत्याला सांगा, पण विचारा नक्की.

— टी. ई. मेकॅनिकलचा एक विद्यार्थी